सूर्यास्तकरी

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या इया गावात जुलैत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तकरी साडेपाचलाच हजर असतो. जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर एका बाजूला बायकोची पिशवी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची बॅग, अशी अडीच माणसांची जागा धरून तो बसतो. नंतर येणाऱ्या प्रत्येकाकडे मात्र तो किल्ल्याचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखा पाहतो. तीन तासांत त्याचं पालुपद एकच : "काय हे टुरिस्ट!"

तो कुठल्याही देशाचा असतो. वेश तेवढा ठरलेला : पांढरा लिननचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, डोक्यावर गवती हॅट. हॅट आज सकाळीच बेटाच्या मुख्य गावातून, फिरामधून घेतलेली, कारण घरून आणलेली काल मेल्तेमीनं नेली. मेल्तेमी म्हणजे भर उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून घोंघावणारा वारा. टोपीवाल्यांनी त्याला नवस बोलला असावा, असा माझा संशय आहे.

बेटाची वस्ती पंधरा-सोळा हजारांची आणि वर्षाकाठी पाहुणे तीस लाखांच्या वर. 2024 च्या जुलैत एके दिवशी नुसत्या क्रूझमधून 17,000 माणसं उतरणार होती, तेव्हा गावकऱ्यांनीच शक्यतो घराबाहेर पडू नये, अशी सूचना तिथल्या कारभाऱ्यांकडून निघाली. बोंबाबोंब झाली आणि ती मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी मग क्रूझच्या प्रवाशांना दिवसाला 8,000 ची मर्यादा आली, शिवाय ऐन हंगामात माणशी 20 युरो कर. सूर्यास्तकऱ्याला हे सगळं मनापासून पटतं. त्याच्या मते 20 युरो कमीच झाले. "सहा तासांत यांना काय बेट कळणार?" तो स्वतः दोन रात्री राहणार असतो.

राहतो तोही साध्या खोलीत नाही, गुहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचं पोट खचलं, समुद्र आत शिरला आणि बाहेर कड्यांचा नुसता काठ उरला. त्या कड्यांच्या राखेच्या थरात गरीब खलाशांनी घरं कोरली. जहाजांचे कप्तान वरच्या अंगाला, बंगल्यांत. 1956 च्या भूकंपानंतर कितीतरी घरं ओस पडली. आज त्याच गुहांना 'केव्ह स्वीट' म्हणतात, आणि बुटक्या दारावर डोकं आपटून घ्यायला सूर्यास्तकरी एका रात्रीला घराच्या हप्त्याएवढे पैसे मोजतो. टेंगूळही तो कौतुकानं दाखवतो. म्हणे अस्सल आहे!

ज्वालामुखीच्या त्या स्फोटात गाडलं गेलेलं अक्रोटिरी हे प्राचीन नगर बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली, तर राखेखालून दुमजली-तिमजली घरं निघाली, दगडी रस्ते निघाले, रस्त्यांखालची गटारंसुद्धा. एवढ्यासाठी बेटावर जावं अशी ती जागा. आमचा गडी जात नाही. "तिथं सगळं छपराखाली आहे हो, उजेड मिळत नाही."

उजेड मिळतो तो निळ्या घुमटांपाशी. पोस्टकार्डावर सबंध बेट निळ्या घुमटांचं वाटतं. प्रत्यक्षात जगभर फिरतो तो फोटो बहुतेक वेळा इयातल्या त्याच दोन शेजारच्या चर्चचा. ते चौकटीत बसतात अशा बोळाच्या तोंडाशी रांग असते. सर्वांत पुढे भाड्याच्या लालभडक झग्यातली एक तरुणी. झग्याचा शेपटा लांबच लांब. मदतनीस तो हवेत भिरकावतो आणि फोटोत येऊ नये म्हणून भिंतीआड बुडी मारतो. शेपटा खाली आला की पुन्हा उगवतो. मागून मराठी ऐकू येतं : "अरे, घुमट कापू नकोस! आणि ती लाल झगेवाली जाऊ दे आधी." "अगं, पण तिच्यामागेही बारा जण आहेत." या सगळ्यांच्या मागे भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी उभी असते. तिला फोटो काढायचा नसतो. तिचं घर त्या बोळात असतं. तुमची सुट्टी असली तरी आमचं हे घर आहे, अशा अर्थाच्या पाट्या गावात लागल्या आहेत. सूर्यास्तकऱ्यानं त्यांचाही फोटो काढून, खाली हात जोडल्याची खूण टाकून, जगाला पाठवलेला असतो.

तत्त्वांचा तो पक्का. फिराच्या जुन्या बंदरातून वर यायला पाचशेवर पायऱ्या आहेत, नाहीतर केबल कार, नाहीतर गाढवं. गाढवावर बसणं हा त्याच्या लेखी गुन्हा. केबल कारची रांग दिसल्यावर मात्र तो बायकोला हळूच विचारतो, "ते शंभर किलोच्या वरच्यांना बसवत नाहीत ना? मी चौऱ्याण्णव."

जेवायला त्याला 'जिथं स्थानिक लोक जेवतात' तीच जागा हवी. जुलैत स्थानिक लोक त्याला वाढत असतात. ते जेवतात मुदपाकखान्यात, उभ्याउभ्या. शेवटी तो फावा मागवतो. ही फावा म्हणजे विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली डाळ. शिजवून घोटलेली, वर ऑलिव्हचं तेल आणि चिरलेला कांदा. सूर्यास्तकरी डोळे मिटून तिच्यातली ज्वालामुखीची चव शोधतो. शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या काकू एक घास घेतात आणि जाहीर करतात, "बाई गं, हे तर वरण! फोडणी घालायची राहिली वाटतं."

आणि तो क्षण येतो. सूर्य टेकतो, आणि भिंतीवर हातांचं जंगल उगवतं. नेमका पुढे एक उंच गृहस्थ टॅबलेट उभारतो, त्यामुळे सूर्यास्तकऱ्याला सूर्य दिसतो तो त्या टॅबलेटच्या पडद्यावर. त्याचंच तो चित्रीकरण करतो. सूर्य बुडतो. टाळ्या पडतात, अगदी खऱ्या, कडकडून. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला असता.

पाचव्या मिनिटाला सगळी गर्दी फिराच्या बसच्या रांगेत. सूर्यास्तकरी घाम पुसत बायकोला सांगतो, "पुन्हा इथे यायचं नाही. पुढच्या वर्षी फोलेगांद्रोस. इथून जवळच आहे, विमानतळ नाही, काळं कुत्रं जात नाही तिथे. फक्त कुणाला सांगू नकोस."

हे तो इतक्या मोठ्यानं सांगतो, की मागचे चौघे लगेच स्पेलिंग विचारतात.