लाल त्रिकोण, हिरवी वांगी

आमच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी रीळ दाखवलं जातं. डबा उघडायचा, पट्टी कडेनं धरायची (मधे बोट लावायचं नाही, हे दटावून सांगायचं), खिडकीच्या उजेडात न्यायची आणि म्हणायचं, "सोळा मिलिमीटर. एका फुटात चाळीस चित्रं, पडद्यावर सेकंदाला चोवीस पळतात." पाहुणा 'वा' म्हणतो. तो म्हणेपर्यंत मी हात खाली घेत नाही. सौ.चं मत असं, की सगळा संग्रह त्या 'वा'साठी आहे, फिल्म हे निमित्त.

सासुरवाडी धुळ्याची असल्यानं हा आजार बळावला. गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवणारे, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या मंडळावरून जाताना माझी मान आपोआप ताठ होते. एकदा मेव्हण्याला म्हणालो, "त्यांनी कागद वाचवले, मी रिळं वाचवतोय." तो म्हणाला, "भाऊजी, त्यासना मांगे मंडळ शे. तुमना मांगे ताई शे."

असो. एका बाबतीत मात्र मी नशीबवान. मी जळगावचा, आणि भुसावळ हाकेच्या अंतरावर. भुसावळ म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं. पण सिनेमाच्या धंद्यात 'सीपी-बेरार' नावाचा जो इलाखा होता, त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि अमरावतीला होत्या. प्रिंटच्या पेट्या रेल्वेनं यायच्या, इथून खानदेश-वऱ्हाडातल्या टॉकीजना आणि जत्रेतल्या तंबूंना जायच्या. मग थिएटरं डिजिटल झाली. पेट्यांचं काय झालं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. भंगाराच्या दुकानात जावं.

माझं खरं वेड 'श्यामची आई'. अत्र्यांचा, १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, म्हणजे श्याम आमच्याच जिल्ह्याचा. (कोकणातल्यांनी रागावू नये, त्यांच्याकडे आई आहे.) तर पारोळ्याकडच्या एका गृहस्थांचा निरोप आला: डबा आहे, वर नाव आहे. घासाघीस करून डबा आणला, प्रोजेक्टरवर चढवला, आणि पडद्यावर अवतरली कुटुंब नियोजनाची सरकारी फिल्म. डब्यांची ही अदलाबदल ज्या कुणी केली, त्याला विनोदाची जाण होती एवढं नक्की.

पण संग्राहक हरत नसतो. नाव गाळून मी खेळ जाहीर केला. कोणी येईना. हातातल्या मोबाईलवर जगातला प्रत्येक सिनेमा असताना माझ्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, थंडीत कोण कुडकुडेल? तेव्हा सौ.नं सुचवलं, "भरीत ठेवा."

आता भरिताचं बोलायचं तर नीटच बोलायला हवं. वांगी हिरवी, लांबट, आसोद्याकडची. जांभळ्या वांग्याचं जे होतं त्याला इतर जिल्ह्यांत भरीत म्हणत असतील, त्यांचं ते बघतील. वांगी भाजायची ती कपाशीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेलं वांगं म्हणजे फक्त गरम झालेलं वांगं. भाजण्याआधी टोचायचं आणि तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर फुटतं. साल निघेल तेवढी काढावी, चिकटून राहिलेल्या करपलेल्या तुकड्यांशी भांडू नये, धुराचा वास त्यांच्यातच असतो. मग हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायचं. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला मी गच्चीच्या पायऱ्या दाखवतो. कांद्याची पात, शेंगदाणे, तेल सढळ हातानं, इतकं की वाढणारा डॉक्टर असेल तर त्यानं तोंड फिरवावं. सोबत कळण्याची पुरी. पुण्याच्या आमच्या एका वहिनींनी भरितात दही घातलं होतं. आम्ही ते खाल्लं, नातं टिकवलं, पण त्यानंतर त्यांच्याकडे आम्ही दुपारच्या चहालाच जातो. शिवाय भरीत उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी...

हां, प्रोजेक्टर. धाबं माणसांनी भरलं. ढेकर ओसरल्यावर मी दिवे घालवले आणि छोटंसं भाषण केलं. पट्टी एका चित्रावरून पुढच्यावर सरकत असताना झडप उजेड अडवते, त्यामुळे खेळाचा जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळाच असतो, फक्त डोळ्याला कळत नाही, वगैरे. "म्हणजे निम्मी फिल्म तू दाखवतच नाहीस?" मागून कोणीतरी म्हणालं. मग फिल्म सुरू झाली. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो, उरतो तो लालगुलाबी. माझ्या फिल्ममध्ये डॉक्टर लाल, गाय लाल, शेत लाल, आभाळ लाल. त्यात कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण कुठे आहे ते कोणालाच दिसेना. लोक खो-खो हसत होते, आणि ते फिल्मला हसताहेत अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

एकटे ऑपरेटर काका हसत नव्हते. त्यांची उमर भुसावळच्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये गेली. ते पडद्याकडे पाठ करून माझ्या मशीनकडे बघत बसले होते. "लूप लहान ठेवलाय. पट्टी ओढली जातेय," एवढंच बोलले आणि मला बाजूला सारून मशीनपाशी उभे राहिले. मी त्यांना आवडता सिनेमा विचारला. म्हणाले, "पाहिला कुठे? वीस-बावीस मिनिटांत रीळ संपायचं. उजव्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. चाळीस वर्षं कोपरा बघितला."

त्या रात्रीपासून भंगाराच्या काट्यावर फिल्म दिसली की माझं डोकं फिरतं. दुकानदार डबा वेगळा तोलतो, कारण लोखंडाला भाव आहे. आतली पट्टी तो तशीच फेकून देतो. 'आलम आरा', देशाचा पहिला बोलपट, १९३१चा. त्याची एकही प्रिंट शिल्लक नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकी रिळं उरली. पुण्याच्या फिल्म संग्रहालयासाठी १९६५पासून पी. के. नायर डबे गोळा करत हिंडले, म्हणून निदान तेवढं तरी आहे. लग्नाच्या अल्बमवर प्लॅस्टिक घालून तो कपाटात जपणारी माणसं आपण. आणि ज्या पट्टीपुढे गावंच्या गावं बसली, ती उकिरड्यावर. याचा मला राग येतो, आणि या रागात माझ्या 'वा'चा काही संबंध नाही. फारसा नाही.

पण आणलेलं जपायचं कुठे? मे महिन्यात जळगावचा पारा ४५वर. उष्णतेनं ॲसिटेटची फिल्म कुजते, तिला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो, आणि पिकलेल्या केळ्यानं अख्खा घड पिकवावा तशी ती शेजारच्या रिळांनाही ओढते. म्हणून केळीच्या व्यापारातल्या मित्राला म्हटलं, तुझ्या पिकवणीच्या थंड खोलीत एक कोपरा दे. तो म्हणाला, "थंडी देतो, पण तिथे ओल नव्वद टक्के ठेवावी लागते." ओल म्हणजे फिल्मला बुरशी. शेवटी घरातल्या एकुलत्या एक एसीच्या खोलीत, म्हणजे आमच्या बेडरूममध्ये, कपाटातल्या साड्या खाली सरकल्या आणि रिळं वर चढली.

आता सौ. दर रविवारी डबे हुंगते. लोणच्याच्या बरणीवर घडलेलं नाक, चुकत नाही. परवा तिनं एक डबा बाजूला काढला: वास सुटलाय, बाकीच्यांपासून ताबडतोब दूर. तेवढ्यात धुळ्याहून सासूबाईंचा फोन आला. काय चाललंय विचारल्यावर ती सहज म्हणाली, "काही नाही गं, कुटुंब नियोजन बेडरूममधून बाहेर काढतोय."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. या वयात काय करायचंय त्याचं!"