शिल्लक कुणाच्या घरची?

सरकारी धरणाला "पाणी उरलंय का हो?" असं सरळ विचारायची सोय नाही, त्यासाठी कायदा लागतो. आपल्याकडे तो २००५ साली आला, सोबत जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घेऊन. प्राधिकरणानं २०१४ मध्ये गोदावरी खोऱ्याची तहान टक्क्यांत बसवली. १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर नाशिक-नगरच्या मुळा, भंडारदरा, दारणा, गंगापूरवाल्यांनी वरून पाणी सोडायचं. हिशेब सोपा. पण आकडा चौसष्ट आला की नाशिक-नगरला पुढच्या उन्हाळ्याची काळजी लागते, सहासष्ट आला की मराठवाड्याला मोजपट्टीचाच संशय. मग कोर्ट, आंदोलनं, धरणाच्या दरवाज्यापाशी पोलीस (पाण्याला झेड सुरक्षा तेवढी राहिलीय).

एवढं होऊन पाणी सुटलंच, तर कोरडं पात्र आधी आपली तहान भागवतं, मग बंधारे. मोटारी चालू नयेत म्हणून काठची वीज तोडतात, तेव्हा डिझेल इंजिनं बाहेर निघतात. सोडलेलं आणि जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात पोचलेलं यातल्या फरकाला कागदावर 'वहनव्यय' म्हणतात. इंजिनांची धडधड त्यात नोंदवायला रकानाच नाही.