रीफकर

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासचा मराठी माणूस पन्नाशीकडे तीन ठिकाणांहून सरकतो: लॉनवरून, मंडळाच्या नाटकाच्या तालमीतून किंवा बेसमेंटमधून. रीफकर हा बेसमेंटवाला. दिवसा तो विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो आणि संध्याकाळी ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८० लिटरचा समुद्र.

पाहुणे खाली जातात ते मासे बघायला. निळ्या उजेडात दोन नारिंगी क्लाऊनफिश फिरत असतात, पोरं काचेला नाक लावतात, आणि कुणीतरी हमखास विचारतं, "हे खातात का?" रीफकर तिकडे कानाडोळा करतो. मासे त्याने पोरांच्या समाधानासाठी ठेवलेत. त्याचा जीव खडकावरच्या प्रवाळाच्या बोटभर तुकड्यांत गुंतलेला, आणि खरं सांगायचं तर तुकड्यांपेक्षाही पाण्यात.

हे पाणी घडवणं मुलखावेगळं. नळाचं पाणी आधी आरओमधून, मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढायचं. मीटरवर शून्य दिसलं की त्याच पाण्यात विकतचं मीठ कालवून ते पुन्हा खारट करायचं. सांगलीहून आलेल्या आईला हा उलटा व्यवहार उमगत नाही.

"अरे, मग आधी काढलंस कशाला?"

"आई, नळाच्या पाण्यात फॉस्फेट असतं, क्लोरामाईन असतं, पाइपातलं तांबं उतरतं. तांबं जरा वाढलं तरी कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळे मरतात."

"आम्ही तर रात्री मुद्दाम तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवतो," आई म्हणते आणि टाकीतल्या कोळंबीकडे कीव आल्यासारखं बघते.

रीफकरचा संसार तीन आकड्यांवर उभा आहे. क्षारता (म्हणजे अल्कलिनिटी) साडेआठ अंश, कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. कारण साधं आहे. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतो, आणि हे बांधकाम सुरू राहिलं की माल संपत जातो. क्षारता २.८ अंश उतरली की कॅल्शियम २० पीपीएमने उतरतं, असा तो हिशेब. मॅग्नेशियम फार घटलं तर प्रवाळाआधी हीटर आणि पंपावरच पांढरे थर चढू लागतात. त्यामुळे रोज थोडं कॅल्शियम, थोडी क्षारता परत घालावी लागते. त्यांच्या बाटल्या मात्र दोन आणि नळ्याही दोन, कारण एका घरात नांदणाऱ्या पण एका ओट्यावर न पटणाऱ्या जावांसारखं त्यांचं आहे: दाट द्रावणं एकत्र आली की लगेच गढूळ होतात आणि साका तळाला बसतो.

मापन रविवारी सकाळी. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात रंगद्रव्य, मग सिरिंजमधून एकेक थेंब, निळ्याचा गुलाबी होईपर्यंत. गुलाबी झाला की नाही, यासाठी त्याला साक्षीदार लागतो.

"हा गुलाबी म्हणायचा का?"

बायको कणीक मळता मळता बघते. "राणी नाही, अबोली आहे."

"चार्टवर अबोली नाहीये गं."

मग दुसरी नळी, पुन्हा थेंब, आणि शेवटी स्प्रेडशीट. मुलीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेली असते. क्षारतेला मात्र दशांश चिन्ह आणि आलेख.

स्वयंपाकघरावरचं त्याचं आक्रमणही रसायनशास्त्राला धरून आहे. खायचा सोडा ओव्हनमध्ये भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि धुण्याचा सोडा उरतो. त्याने क्षारतेबरोबर पीएचही चढतो. म्हणून घरात केकचा बेत ठरला की आधी ओव्हन रिकामा आहे का ते बघावं लागतं. दुसरा उपाय चुन्याच्या निवळीचा. युरोपात पीटर विल्केन्स यांनी तो १९७० च्या दशकात रूढ केला, पुढे रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी त्यामागचं गणित छंदिष्टांना उलगडून सांगितलं, आणि रीफकर ही दोन नावं गुरुपरंपरा सांगावी तशी घेतो. आईने पुडी उघडून पाहिली तेव्हा तिला त्यात पानाचा चुना दिसला. रासायनिकदृष्ट्या तिचं बरोबरच होतं. "आमच्याकडे पानवाला हा फुकट देतो," ती म्हणाली. "शुद्धता किती टक्के, ते पानवाला सांगतो का?" हा लेकाचा प्रतिप्रश्न.

त्याची खरी कसोटी दिवाळीत लागते. बाहेर थंडी, खिडक्या बंद, घरात पंचवीस माणसं, वर शेगडीवर पुऱ्या. सगळ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घरात कोंडतो, तिथून टाकीच्या पाण्यात उतरतो आणि पीएच ८.२ वरून ७.९ कडे घसरू लागतो. मंडळी चिवड्याचं कौतुक करत असताना रीफकर फोनवरचा आलेख बघत असतो. थोड्या वेळाने तो गुपचूप बेसमेंटची खिडकी उघडतो. पाहुणे स्वेटर चढवतात. कुणी जायला निघालं तर तो फारसा आग्रह करत नाही.

मालवणला गेला तरी हे सुटत नाही. मामा होडीतून सिंधुदुर्गाकडे बोट दाखवत शिवाजी महाराजांबद्दल बोलतो, आणि भाचा पाण्यात हात बुडवून विचारात पडतो. समुद्राची क्षारता साधारण सात अंश. त्याच्या टाकीची साडेआठ. अरबी समुद्र अंमळ कमी पडतो, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. पुण्याच्या चुलतभावालाही अशी टाकी हवी होती. त्याला मात्र रीफकरने ठाम नकार दिला: टणक प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत. तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस.

एवढं सगळं करून त्याचे प्रवाळ मरतात कधी? आकडा चुकल्यावर क्वचित, आकडा सुधारल्यावर बहुतेकदा. क्षारता साडेसात दिसते, रीफकरला साडेआठ हवी असते, रविवार मोकळा असतो, आणि तो संध्याकाळपर्यंत ती चढवून दाखवतो. बुधवारी प्रवाळाची टोकं पांढरी पडतात. मग तो फॉस्फेटवर संशय घेतो, ते काढून काढून शून्यावर आणतो, आणि वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर धरतो. त्यावरही त्याच्याकडे एक बाटली असतेच.

प्रवाळाला साडेसात चालते, नऊही चालते. आज साडेसात आणि उद्या नऊ चालत नाही. म्हणून तुमच्या घरात असा कुणी निपजला असेल तर त्याला नवं टेस्ट किट भेट देऊ नका. रविवारी त्याला भाजी आणायला पाठवा. टाकी आपोआप सुधारेल.