भाडं ठरलं, विम्याचं विचारलंत का?

शेगावला दर्शनाला जायचं असो, लोणारला सहल काढायची असो की लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असो, गाडी ठरवताना चिखलीपासून मलकापूरपर्यंत आपले प्रश्न ठरलेले. किलोमीटरमागे किती? एसी लागतो का? टोल कुणाकडे? गाडीचा विमा कोणता, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

आणि हे कुठे, तर बुलढाणा जिल्ह्यात! १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याच महिन्यात, २९ जुलैला, मलकापूरजवळ अमरनाथहून परतणाऱ्या भाविकांच्या बसचा अपघात झाला. समृद्धीवरच्या मृतांच्या वारसांना राज्याने ५ लाख, केंद्राने २ लाख जाहीर केले. ती सरकारी मदत. गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं घर पाहून भरपाई ठरते ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. ती विमा कंपनीने भरायची की मालकाने, हा वाद तिथे पॉलिसीच्या कागदावर लढला जातो.

म्हणून आधी नंबर प्लेट बघा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी दोन-तीन रुपयांनी स्वस्त पडते खरी, पण तिच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. त्यातही मालकाने नुसता थर्ड पार्टी विमा काढलेला असेल, तर रस्त्यावरच्या माणसाला संरक्षण मिळतं. खासगी गाडीत बसलेल्यांना त्यात मिळत नाही. भाडं भरणारे आपण, उघडे पडणारेही आपणच.

मालवाहू पिकअपमध्ये वऱ्हाड कोंबणं तर थांबलंच पाहिजे. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं. जादा माणसांचंही तसंच. ४२ प्रवाशांची परवानगी असलेल्या एका बसमध्ये ९० जण होते. २००७ च्या निकालात न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच धरली, आणि तेवढी रक्कम सगळ्या दावेदारांत वाटून द्यायला सांगितली. सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पंचवीस जण बसवणाऱ्या प्रत्येक यजमानाने हा निकाल लक्षात ठेवावा.

आता कॅराव्हॅनही येताहेत. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या या गाड्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये पर्यटन धोरण आणलं. लोणारसारख्या ठिकाणी मुक्कामाला अशी गाडी सोयीचीच, माझा तिला विरोध नाही. पण जाहिरातीत पलंग आणि फ्रिज दिसतो, पॉलिसी दिसत नाही. हेच आतलं सामान पॉलिसीत नोंदवलेलं नसेल तर नुकसान झाल्यावर मालक वसुली तुमच्याकडून करेल. दाव्यातला जो हिस्सा विमा कंपनी देतच नाही, तो कुणी भरायचा, हे करारात लिहिलेलं असतं. आपण मात्र शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतो. अनामत कशासाठी कापली जाईल तेही तिथेच असतं. गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून व्हिडिओ काढा, मालकाला तिथल्या तिथे पाठवा.

स्वतः चालवणार असाल तर आणखी एक. पॉलिसीत १५ लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण दिसतं, ते मालक-चालकाचं. तुम्ही मालक नाही, तेव्हा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा हवाच. तीन-चार दिवसांच्या भाड्यापुढे त्याचा वर्षाचा हप्ता सहसा किरकोळ ठरतो.

विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, हे गाडीच्या नंबरावरून एमपरिवहन ॲपवर दिसतं. पॉलिसीची प्रत मात्र मालकाकडूनच मागायची, आणि बयाणा देण्याआधी मागायची. टाळाटाळ झाली तर दुसरी गाडी बघा. जिल्ह्यात गाड्यांचा तोटा नाही.