अर्ध्या मिलिमीटरचा अहंकार

चित्र समासाला तंतोतंत भिडलंच पाहिजे, असं मानणाऱ्यांची एक जमात आहे आणि मी तिचा कट्टर सभासद आहे. आम्ही सौंदर्यदृष्टीचं नाव पुढे करतो. खरं सुख वेगळंच असतं: दुसऱ्या कुणाला न दिसलेला अर्धा मिलिमीटर आपल्याला दिसला! वर्ड हे सुख पुरवण्यात हात आखडता घेत नाही. त्यात घातलेलं चित्र सहसा चित्र नसतंच, ते ओळीतलं एक भलंमोठं अक्षर असतं. परिच्छेदाची पहिली ओळ आत असेल तर तेही निमूट आत सरकतं. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ 12 पॉइंट ठेवलं असेल तर चित्राची एक चिंधी तेवढी दिसते. ओळीतून मोकळं करावं, तर ते नांगराच्या खुणेने एखाद्या परिच्छेदाला बांधलेलं राहतं आणि परिच्छेद पुढच्या पानावर गेला की त्याच्या मागे निघतं.

यावर आकडेवाले सांगतात, की मोजून बसवा. मोजू या. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद, दोन्हीकडे 2.54 सेंटिमीटर समास, म्हणजे चित्राला 15.92 सेंटिमीटर मिळतात. तेवढं बरोबर भरलं तरी स्कॅन केलेल्या फोटोला स्वतःची पांढरी किनार असते आणि तो आत बसल्यासारखाच दिसतो. उजवीकडे तर मजकूर डावीकडून लावलेला, ओळी कमीजास्त. नियम पाळणारं एकटं चित्रच बाहेर आल्यासारखं वाटतं. आणि देवनागरीत वरच्या कडेचं काय? शिरोरेषा ही आपल्याला आयती मिळालेली आखीव रेघ. मजकुराशेजारच्या चित्राची कड तिला लावली, की पहिल्या ओळीतले रफार, मात्रा, वेलांट्या चित्राच्या डोक्यावरून डोकावतात. मात्रांच्या टोकाला लावली आणि ओळ ‘घर’, ‘मन’, ‘बदक’ अशा सरळमार्गी शब्दांची निघाली, तर चित्रच उगाच वर चढून बसलेलं दिसतं. म्हणजे चित्राची उंची लेखकाने ‘पण’ लिहिलं की ‘परंतु’ लिहिलं यावर ठरायची! माझा कौल शिरोरेषेला. मात्रांनी आपलं आपण बघावं.

कुणी म्हणेल, छापखान्यात कटिंगला एखाददोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच, मग हा आटापिटा कशाला? कटिंगमध्ये सगळं पान एकत्र सरकतं. डोळा कागदाच्या कडेपासूनचं अंतर मोजत बसत नाही. तो वरची ओळ आणि खालचं चित्र यांचं नातं बघतो, आणि ते कात्रीने बदलत नाही. दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ही नजर माझी, पण सरकवासरकवी डीटीपीवाल्याची. पैसे त्याला पानामागे मिळतात, ‘जरा डावीकडे घ्या’मागे नाही. आणि ‘दोन्ही समासांना टेकवा’ असा हट्ट फारच झाला, की वैतागलेला माणूस चित्राचा कोपरा सोडून बाजू धरतो आणि ओढतो. मग स्मरणिकेतल्या श्रद्धांजलीच्या पानावर, जन्मभर किडकिडीत राहिलेले एखादे आजोबा गालफडं पसरून बघत असतात. समास अचूक, माणूस ओळखू येत नाही. घरच्यांनी तो फोटो कपाटातून शोधून, पुसून दिलेला असतो. अशा वेळी कोपरा धरून, प्रमाणात जेवढं येईल तेवढंच चित्र घ्यावं; बाजूला अर्धा सेंटिमीटर पांढरं राहिलं तर राहू द्यावं. मी काही बोलणार नाही. बघेन मात्र.