घुंगरू आणि गव्हर्नर

शिरूरहून एसटीनं दौंडला जायचं तर न्हावऱ्याचा फाटा, उसाच्या ट्रॉल्या आणि कंडक्टरकडचे सुट्टे, या तिघांची कृपा लागते. माझ्या संगणकावर मात्र दौंड नऊ मिनिटांवर आहे. सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर, विमान सेसना कॅरॅव्हॅन, वेग ताशी तीनशे. घोड नदी मागे टाकायची आणि भीमा दिसली की रेल्वेचे रूळ धरायचे. जंक्शनवर एक घिरटी घालून मी परत येतो. दौंड हे हिचं माहेर. "अहो, दौंडला गेलात आणि आईला न भेटताच आलात?" हे दर वेळी ऐकावं लागतं.

हे विमान मी ज्यात उडवतो ते फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर १९९७ पासूनचं, फुकट आणि आतून उघडं. उघडं दिसलं की हात घालायचाच, या नियमापायी आमच्या घरातला एक मिक्सर आधीच कामी आला आहे. कॅरॅव्हॅनचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो ते आपण स्वतः काढायचं, असं मी ठरवलं.

पिठाची गिरणी पाहिलेल्या माणसाला हे अवघड वाटत नाही. मोटरची पुली लहान, जात्याची मोठी; भागाकार केला की झालं. या विमानाच्या इंजिनातलं हवा दाबणारं चक्र भर जोरात मिनिटाला सुमारे ३७,५०० फेरे घेतं आणि पंखा जास्तीत जास्त १९००. पंख्याची टोकं तेव्हाच सेकंदाला अडीचशे मीटरच्या पुढे गेलेली असतात. आणखी पळवला तर ती आवाजाच्या वेगाला भिडतील, म्हणून मध्ये गिअर. मी भागाकार मांडला. मग वैमानिक ज्यानं पंख्याचे फेरे ठरवतो तो दांडा १९०० वरून १६०० वर ओढला. पंख्याला पत्ताच नाही! सरकारी अर्जासारखा दांडा पुढे-मागे होत राहिला.

चूक गिरणीची नव्हती, पट्ट्याची होती. कानपूरला एचएएल बनवते त्या डॉर्नियर २२८ विमानात पट्टा आहे, म्हणजे इंजिनाचा आस गिअरमधून थेट पंख्याला जोडलेला: ४१,७३० ला सुमारे २६ नं भागा, १५९१ हजर. कॅरॅव्हॅनमध्ये हवा दाबणारं चक्र आणि पंखा यांची गाठच नाही. तापलेला वायू दुसऱ्याच एका चक्रावर फुंकला जातो आणि ते चक्र पंखा फिरवतं. नातं फुंकरीचं, तिथं भागाकार कुणाला करायचा?

हे डोक्यात घेऊन मी खराखुरा दौंडला निघालो होतो. न्हावऱ्याच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. मोटरवर न गेलेली, डिझेल इंजिनाची जुनी रसवंती. चरकाला घुंगरं बांधलेली. घड्याळ लावून घुंगरं मोजली. मिनिटाला पंधरा फेरे. काकांनी दोन कांडकी दुमडून आत सारली. इंजिन घोगरं झालं, घुंगरं क्षणभर अडखळली आणि पुन्हा त्याच ठेक्यावर आली.

"काका, ऊस घातला तरी फेरे तेवढेच?"

"गव्हर्नर हाये की त्याला," काका म्हणाले. हे मला माहीत नसावं याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण रस काठोकाठ भरला.

गव्हर्नर म्हणजे फिरणारी दोन वजनं. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. फेरे घटले की आत येतात, डिझेल वाढतं. विमानाच्या पंख्यालाही असाच गव्हर्नर. फरक इतकाच, की तो इंधनाच्या नादी न लागता पात्यांचा कोन बदलतो. फेरे वाढले की पाती तिरपी होऊन हवेचा मोठा घास घेतात आणि पंखा दमून जागेवर येतो. म्हणजे फेऱ्यांचा आकडा ही चक्राची ढकल आणि हवेचा अडसर यांची दर क्षणाची घासाघीस. ढकलीतून अडसर वजा करायचा, उरेल त्याला पंख्याच्या जडत्वानं भागायचं, तेवढे फेरे वाढवायचे.

घरी येऊन तसं लिहिलं. विमान धावपट्टीवर ढिम्म आणि फेऱ्यांचा आकडा उन्हाळ्यातल्या वीजमीटरसारखा पळत सुटलेला! दोन रात्री शोधलं. पंख्याचा व्यास १०६ इंच. मी इंचांच्या जागी फुटात लिहिला होता, ८.८३. चूक बारा पटीचीच, पण पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घातावर जाते. बाराचा पाचवा घात २,४८,८३२. हवेचा अडसर मी अडीच लाखांनी भागून ठेवला होता. ऊस न घालता चरक सोडल्यावर आणखी काय होणार?

आता काटा १९०० वर उभा राहतो, दांडा ओढला की १६०० वर येतो. सासूबाईंना न भेटण्याचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही.

तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर थांबा, ऊस आत जाताना घुंगरं मोजा. रस बिनबर्फाचा मागा.