भात्यावरचा पोरगा

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत पूर्वी सायकलवर दिसायचा तो कामगार आणि मोटारसायकलवर दिसायचा तो मालक, नाहीतर मालकाचा पोरगा. आता सगळं उलटं झालंय. पिरनवाडी, मच्छे, देसूरकडून हँडलला डबा अडकवून येणारा माणूस हप्त्यावर मोटारसायकल घेऊन मोकळा झाला, आणि सायकल गेली सुपरवायझर मंडळींच्या घरात. तीही मोटारसायकलीपेक्षा महाग. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. आमच्या एका स्नेह्यांनी तशी पहिल्यांदा कारखान्याच्या गेटला नेऊन टेकवली तेव्हा वॉचमन तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहेब, अजून सामान बसवायचं राहिलंय काय?"

हे स्नेही एका मशीनशॉपचे इनचार्ज. वय चाळिशीपुढचं, रक्तातली साखर सीमारेषेवर. (बेळगावात राहायचं म्हणजे काहीतरी सीमेवर असणारच.) डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. यांनी त्याचा अर्थ कार्बनची फ्रेम आणि जपानी गिअर असा घेतला. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात बीआरएमशिवाय दुसरा विषय नाही. पॅरिसच्या एका जुन्या क्लबाच्या नियमांनी जगभर चालणारा हा लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा प्रकार. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. चारही अंतरं एकाच हंगामात पुरी केली की पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं दार उघडतं: 1200 किलोमीटर, 90 तास, चार वर्षांतून एकदा, पुढची 2027 मध्ये. स्नेह्यांनी अजून पासपोर्ट काढलेला नाही, पण फ्रेंचमध्ये 'सुप्रभात' म्हणायला शिकले आहेत.

नियमावली सांगते की ही शर्यत नव्हे आणि इथं पहिला-दुसरा नंबर नसतो. ते वाचून होताच प्रत्येक जण शेजाऱ्याची वेळ विचारतो.

तर एका रविवारी 200 किलोमीटर. आणि त्याआधीचा आठवडा जुलैच्या अखेरचा. उद्यमबागेत महिनाअखेर म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ज्याला माहीत नाही त्यानं 30 तारखेला एखाद्या डिस्पॅच सेक्शनच्या दारात उभं राहून बघावं. महिनाभर निवांत असलेला कास्टिंगचा ढीग शेवटच्या चार दिवसांत सगळ्यांना एकदम दिसू लागतो.

स्नेह्यांचा सराव एक ॲप ठरवतं. त्याचा हिशेब साधा आहे. वीस मिनिटं जीव खाऊन सायकल मारायची, त्या वेळात पायांनी सरासरी किती वॉट काढले ते बघायचं, त्यातले पाच टक्के वजा करायचे. उरलेला आकडा म्हणजे तुम्ही तासभर टिकवू शकाल ती ताकद. त्या ताकदीनं पुरता एक तास सायकल मारली की कष्टाचे 100 गुण. मग सोमवारी विश्रांती, मंगळवारी चढाचे तुकडे, बुधवारी हलकं, गुरुवारी पुन्हा जोरात, असं वेळापत्रक येतं. त्यात पाणी कधी प्यायचं तेही लिहिलेलं असतं. हे लिहिणाऱ्या माणसाला दुसरी शिफ्ट कधी लागली नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

सोमवारची विश्रांती सकाळी सहाला सुरू झाली. एका मशीनचा स्पिंडल आवाज करायला लागला होता, म्हणून ती काँक्रीटच्या फरशीवर उभ्यानंच घ्यावी लागली आणि रात्री दहाला संपली. ॲपच्या खात्यात त्या दिवशी कष्टाचे गुण शून्य. मंगळवारी पहाटे फोननं हिरव्या अक्षरांत कळवलं, 'आज तुम्ही ताजेतवाने आहात.' स्नेही तेव्हा भिंतीला धरून जिना उतरत होते. सायकलशास्त्रातली ही मोठीच गंमत आहे. खोगिरावर खर्च झालेला एकेक वॉट मोजायचं यंत्र निघालं, पण पायांत मुंग्या येईपर्यंत उभं राहिलेल्या माणसाचा दिवस मोजायला कुणाला सवड झाली नाही. स्नायू मजबूत होतात ते सायकलवर नव्हे, नंतरच्या झोपेत. हे तेच ॲप सांगतं. आणि झोप कुठून आणायची, या प्रश्नाला उशांची जाहिरात दाखवतं.

मंगळवारचे चढाचे तुकडे बुधवारवर गेले. बुधवारी पाऊस. पाऊस म्हणजे पुण्यातल्यासारखा फोटो काढण्याजोगा नव्हे. जांबोटीकडून, कणकुंबीकडून, जिथं मलप्रभा उगम पावते तिकडून उठून आलेला आडवा पाऊस. पिरनवाडीच्या फाट्यावरून जांबोटीच्या रस्त्याला वळलं की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे चाक आत गेल्यावरच कळतं. म्हणून सायकल घरातच रोलरवर चढवली. तिसऱ्या मिनिटाला आईंनी दार ढकललं. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या पैशात घरघंटी घेतली असतीस तर निदान पीठ तरी निघालं असतं."

गुरुवारी खरी गंमत झाली. अंगणात सायकल पडली, उजव्या कुशीवर. मागच्या गिअरचं यंत्र ज्या इवल्याशा तुकड्यावर लटकतं तो हँगर वाकला. हा तुकडा मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, आपण वाकावं आणि लाखाची फ्रेम वाचवावी म्हणून. पण दर फ्रेमचा हँगर वेगळा. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल, पंधरा दिवस धरून चाला. रविवार तीन दिवसांवर. स्नेही तो वाकडा तुकडा खिशात घालून शिफ्टला गेले आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. अखेर एका फिटरनं तो हातातून काढून घेतला, व्हर्निअर लावलं, भंगारातला ॲल्युमिनियमचा ठोकळा शोधला आणि जेवणाच्या सुट्टीत व्हीएमसी मशीनवर तसाच एक काढून दिला. भोकातले आटे मूळच्यापेक्षा स्वच्छ. पैसे विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की साहेब, चहा सांगा."

जगाच्या ट्रॅक्टरांना आणि मोटारींना सुटे भाग पुरवणाऱ्या या वसाहतीत हे व्हावं यात नवल काहीच नाही. नवल पुढच्या गोष्टीचं. तोच हँगर लावलेल्या सायकलचा फोटो शुक्रवारी सकाळी स्नेह्यांनी टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्व अडचणींवर मात, एकट्यानं, स्वबळावर.'

इथं मला 1913 सालचा यूजेन क्रिस्तॉफ आठवला. टूर द फ्रान्स तेव्हा दहा वर्षांची होती. तिचा पहिला विजेता मॉरिस गारँ तरुणपणी धुराडी साफ करायचा, हा क्रिस्तॉफ कुलपं करणारा. म्हणजे मंडळी आपल्या उद्यमबागेतलीच म्हणायची. शर्यत जिंकायची चांगली संधी असताना पिरिनीज पर्वतातला तुर्माले घाट उतरताना क्रिस्तॉफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. गड्यानं सायकल खांद्यावर घेतली, दहाएक किलोमीटर चालत खालच्या गावातलं लोहाराचं दुकान गाठलं आणि तिथं स्वतः लोखंड तापवून, ठोकून फोर्क जोडला. सगळं मिळून चारेक तास गेले. शर्यतीचे अधिकारी समोर पहारा देत उभे होते. पण दोन्ही हात कामात असताना भाता कोण ओढणार? तो दुकानातल्या लहान पोरानं ओढला. बाहेरची मदत घेतली म्हणून क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड बसला. पुढं दया येऊन तीन मिनिटांवर आणला म्हणे.

मला इतकी वर्षं या गोष्टीत अधिकारी खलनायक वाटत आले होते. आता वाटतं, हिशेब ठेवणारे निदान तेवढेच निघाले. पोरानं भाता ओढला, हे त्यांनी लिहून तरी ठेवलं.

बीआरएमचाही नियम तसाच: कंट्रोलच्या, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणी मदत घ्या, वाटेत नाही. हा नियम आठवड्यालाही लावून बघू. शनिवारची दुसरी शिफ्ट ज्यानं अदलाबदलीनं अंगावर घेतली, त्याची दहा मिनिटं. फिटरची दहा. वहिनींनी मुलाच्या शाळेतली पालकसभा एकटीनं निभावली आणि वर 'साहेब टूरवर आहेत' असं वर्गशिक्षकांना सांगितलं; थाप खपवल्याची जादा पाच धरून पंधरा. पीठ न देणाऱ्या यंत्रासाठी पहाटे चारला उठून थालीपिठं थापणाऱ्या आईंची किती धरायची ते तुम्हीच ठरवा. रविवारची पहिली टांग मारायच्या आतच साडेतेरा तासांतला बराच भाग दंडात गेलेला.

मोठे खेळाडू या बाबतीत जास्त प्रामाणिक असतात. 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीनं पुरी करून आले. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच, सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत एकट्यानं पार केली. या शर्यतीत 'एकट्यानं' याचा अर्थ मागून गाडी चालते, तिच्यात माणसं असतात, ती खायला घालतात, रस्ता दाखवतात, रात्री जागं ठेवतात. आणि हे लपवायचं नसतं. साथीला ताफा हवा हा शर्यतीचाच नियम आहे. हौशी मंडळींचा ताफाही तेवढाच असतो, फक्त तो स्वयंपाकघरात आणि शॉपफ्लोअरवर असल्यामुळे फोटोत येत नाही.

शनिवारबद्दल थोडक्यात. आषाढ चालू होता. श्रावण तोंडावर आलेला असताना बेळगावातल्या मराठी माणसाला मटणाच्या जेवणाचं बोलावणं येतं आणि ते नाकारलं तर नातं तुटतं. ॲपनं रात्रीच्या जेवणाला उकडलेला बटाटा सांगितला होता. स्नेह्यांनी तो खाल्ला. रश्श्यात होता.

रविवारी पहाटे निघाले. बारा-पंधरा जण, पावसामुळे सगळ्यांच्या अंगावर काळी जाकिटं, पायात काळे घट्ट पायजमे. बेळगावात काळ्या कपड्यांतल्या सायकलींची रांग म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. 1 नोव्हेंबरला सीमाप्रश्नावरच्या काळ्या दिनाची मूक फेरी सायकलवरूनच निघते. काकतीजवळ चहाला थांबले तर टपरीवाल्यानं ग्लास पुढं करत गंभीरपणे विचारलं, "औंदा लवकर काढलासा?" सगळे हसले. कोपऱ्यात उभा असलेला एक पोलिस मात्र हसला नाही. त्यानं सायकली मोजल्या.

पुढं वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदी. डाव्या अंगानं पश्चिमेचा वारा आणि उजव्या अंगानं दगडाचे ट्रक. तवंदीच्या चढावर स्नेही उतरून चालले, हे त्यांनी मला सांगितलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं. निपाणीत केळी खाल्ली. कोगनोळीच्या पुढं राज्याची हद्द ओलांडली. ज्या रेषेवरून 1956 पासून भांडण चालू आहे आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, ती त्यांच्या मागच्या चाकानं बहुधा एका सेकंदात पार केली. सायकलवाल्याला कुणी अडवलं नाही. पुढाऱ्यांना मात्र तिथंच अडवतात. कागलच्या पुढं कार्डावर शिक्का मारून घेतला आणि परत फिरले.

पोचले साडेतेरा तासांच्या आत, थोडेच आत. फिटरचा हँगर जागचा हलला नाही. गिअर तेवढा एकदा अडला, तो परदेशी केबलमुळे.

सोमवारपासून आठवडाभर त्यांना दुसरी शिफ्ट, अदलाबदलीच्या परतफेडीची. जेवणाच्या सुट्टीत फिटर आला, हात पुसले आणि विचारलं, "मग साहेब, मेडल मिळालं काय?"

"येईल. पैसे भरलेत."

"पैसे?"

"मेडल वेगळं विकत घ्यावं लागतं. ज्यांना हवं त्यांनी."

फिटर जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तसं असंल तर आमच्या पोरीलाबी एक सांगा की. ती रोज शाळंला सायकलनंच जाती."